उन्हाचा जमाखर्च आणि तलावाचे पाणी



वसंतातल्या व्याख्यानाची वेळ सूर्यास्तानंतरची का ठेवतात, हे गोंदियात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. एप्रिल लागला की दिवसा बाहेर पडण्याची सोय राहत नाही. आता इकडे येताना आपल्यापैकी पुष्कळजण एखाद्या पश्चिमाभिमुख भिंतीजवळून आले असतील. सूर्य मावळून अर्धा तास झालेला असतो, वारा पडलेला असतो, भिंतीला आपला हातही लागलेला नसतो. तरीसुद्धा तिच्या जवळून जाताना गालाला धग जाणवते. त्याच रस्त्यावर एखाद्या घरापुढे नुकताच सडा घातलेला असेल, तर तेथे ही धग नसते. डोळ्यांना न दिसणारे काहीतरी त्या भिंतीतून निघून गालापर्यंत पोचते, आणि कोरडे कोणते व ओले कोणते हे गाल त्यावरून ओळखतो.

आज ज्या विद्येची ओळख करून घ्यायची, तिचे बीज एवढ्यातच आहे. जमिनीपासून सातशे किलोमीटर उंचीवरून जाणारा उपग्रह हाच प्रयोग आपल्या साऱ्या जिल्ह्यावर करतो. जमिनीतून निघणारी धग तो मोजतो, त्या धगीवरून जमिनीचे तापमान काढतात, आणि तापमानावरून, काही हिशेब केल्यानंतर, त्या जमिनीने आज किती पाणी वाफेच्या रूपाने आकाशात सोडले हे सांगता येते. हा प्रवास कसा होतो, आणि आपल्यासारख्या तलावांच्या मुलखाला त्याची गरज काय, असे दोन प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण गरज कळली म्हणजे खटाटोप समजून घेण्यास मन तयार होते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा आहे. पूर्व विदर्भात जुने तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी मंडळींच्या हातचे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरा सांगते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांची आद्याक्षरे जुळून ते 'मामा तलाव' झाले. नाव असे घरगुती पडले तरी तंटे घरगुती राहिले नाहीत. पुष्कळ ठिकाणी हे तलाव एकाखाली एक असे आहेत. वरच्या गावाचा तलाव ओसंडला म्हणजे ते पाणी खालच्या गावाच्या तलावात यायचे. त्याच पाण्यावर धान उभे राहते, त्यावर ढिवर समाजाची मासेमारी चालते, जनावरे त्यावरच जगतात, आणि महाराष्ट्रात ज्याचे मुख्य घर आपल्या जिल्ह्यात उरले आहे तो सारसही त्याच काठाचा रहिवासी आहे.

आता दिवाळीनंतरचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. तलाव भरलेला आहे, खरिपाचे धान घरात आले आहे, आणि उन्हाळी धान किती एकर लावायचे ही चर्चा गावात सुरू आहे. कोणी म्हणतो शंभर एकर सहज निघेल. कोणी म्हणतो पन्नासही निघणार नाही, मासळी मरेल. खालच्या गावाला वाटते की वरचे गाव आपले पाणी पिते. या वादात दोन आकडे बहुधा हाती असतात: पाऊस किती पडला तो, आणि तलावाची पातळी किती आहे ती. परंतु बांधीत सोडलेल्या पाण्याचे पुढे काय झाले, हा तिसरा आकडा कोणाजवळच नसतो. बांधीतल्या पाण्याचा काही भाग जमिनीत मुरतो. तो गेला असे म्हणता येत नाही, कारण तो विहिरीला लागतो किंवा झिरपत खालच्या ओढ्याला जाऊन मिळतो. उरलेला भाग धानाच्या पानांतून आणि बांधीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन उडतो, आणि तो मात्र त्या गावाला त्या हंगामात पुन्हा भेटत नाही. खरा खर्च हा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याबद्दल प्रत्येकजण आपापल्या सोयीचा अंदाज करतो आणि भांडण मिटत नाही.

ही न दिसणारी वाफ मोजायची कशी? येथे माठ आपल्या मदतीला येतो. माठातले पाणी बाहेर झिरपते, तेथे त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते पाणी माठाची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठ गार. ही उष्णता थोडीथोडकी नव्हे. साध्या हवेच्या तापमानाचे एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या जवळजवळ आठपट उष्णता तेवढ्याच पाण्याची पूर्ण वाफ करण्यास लागते. शास्त्राच्या भाषेत एका लिटरला सुमारे साडेचोवीस लाख जूल. तेव्हा एखाद्या शेतात वाफ करण्यासाठी किती उष्णता खर्च झाली हे कळले, तर किती लिटर पाणी उडाले हे भागाकाराने मिळते. पाणी मोजण्याऐवजी उष्णता मोजायची, एवढीच युक्ती आहे.

उष्णतेचा हिशेब किराणा दुकानाच्या वहीसारखाच मांडावा. जमेच्या बाजूला ऊन. त्यातले काही जमीन लगेच परत फेकते. पांढुरकी कोरडी माती अधिक फेकते, गर्द हिरवे पीक कमी. शिवाय जमीन स्वतःही भिंतीसारखी धग बाहेर टाकत असते आणि आकाशाकडून थोडी धग तिला परत मिळत असते. ही देवघेव वजा जाता जे उरते ती जमिनीची निव्वळ मिळकत. ही मिळकत तीन खात्यांत खर्च होते. काही उष्णता मातीत खाली उतरते. काही जमिनीला लागून असलेल्या हवेला तापवते; तिला संवेद्य उष्णता म्हणतात. आणि काही पाण्याची वाफ करण्यात जाते. ती तापमानात दिसत नाही, वाफेत दडून बसते, म्हणून तिचे नाव सुप्त उष्णता. चौथे मोठे खाते नाही. पीक स्वतःच्या वाढीसाठी जे ऊन वापरते ते इतके अल्प असते की या हिशेबात सोडून दिले तरी चालते.

आता शेजारच्या दोन बांध्या पाहा. एकीत उन्हाळी धान उभे आहे, दुसरी डिसेंबरात कापून रिकामी पडली आहे आणि तिला भेगा गेल्या आहेत. ऊन दोघींवर सारखेच. पहिलीजवळ पाणी आहे, म्हणून तिची बहुतेक मिळकत वाफेच्या खात्यात जाते आणि ती थंड राहते. दुसरीजवळ खर्चायला पाणीच नाही, म्हणून सारी उष्णता माती आणि हवा तापवण्यात जाते. एप्रिलच्या दुपारी रिकाम्या बांध्यांवरून धूळ आणि तणसाच्या काड्या उचलीत जी वावटळ उठते, ती या दुसऱ्या खात्याचीच करणी. म्हणजे तापमान ही पाण्याच्या खर्चाची खूण ठरते: जमीन जितकी गार, तितकी वाफ अधिक.

येथवर उपग्रहाचा काही संबंध आला नाही, आणि हा विचारही उपग्रहांहून जुना आहे. १९३२ साली पुण्यास हवामान खात्यात कृषी-हवामानाची शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या हवेच्या थरांचे तापमान वीतवीत अंतराने मोजण्याचा उद्योग आरंभिला. निवांत, निरभ्र रात्री सर्वांत थंड हवा अगदी जमिनीला चिकटलेली नसते, तर जमिनीच्या थोडी वर असते, असे त्यांना आढळले. जगातल्या शास्त्रज्ञांचा यावर बराच काळ विश्वास बसला नव्हता, पण पुढे ते खरे ठरले. १९४८ साली इंग्लंडातील हॉवर्ड पेनमन यांनी ऊन, वारा, तापमान व हवेतील ओल यांवरून बाष्पीभवनाचे गणित मांडले, आणि ते आजही शेतीच्या पाण्याच्या हिशेबात पायाभूत आहे. या सर्व रीतींत एक अडचण होती: जेथे यंत्र ठेवले तेथलाच आकडा मिळायचा. यंत्र नागपुरास आणि धान सालेकशास, अशी स्थिती. प्रत्येक बांधीत यंत्र ठेवणे कोणत्याही सरकारला परवडणारे नाही. साऱ्या मुलखावर एकदम नजर फिरवणारे साधन हवे होते, आणि ते उपग्रहाने दिले.

उपग्रह धग कशी मोजतो? १८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने लोलकातून ऊन पाडून त्याच्या निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. लाल रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेला तापमापकही चढला. ते अवरक्त किरण. पुढे १८७९ साली योसेफ स्टेफान यांनी पदार्थाचे तापमान आणि त्यातून निघणारी धग यांचे नाते सांगितले, आणि काही वर्षांनी बोल्ट्झमान यांनी त्याची उपपत्ती दिली. या नियमाने २७ अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरातून जास्तीत जास्त ४५९ वॅट धग निघते आणि ४७ अंशाच्या पृष्ठभागातून ५९५ वॅट. हिरव्या धानात आणि तापलेल्या मुरमाड जमिनीत भर उन्हात एवढे अंतर सहज पडू शकते. धगीतला हा फरक इतका ठळक असतो की चांगल्या यंत्राला तो सातशे किलोमीटरवरूनही लपत नाही.

मात्र मधे हवेचा पडदा आहे. हवेतली वाफ आणि कर्बवायू जमिनीतून निघालेल्या किरणांपैकी पुष्कळसे गिळून टाकतात. सुदैवाने या पडद्याला एक खिडकी आहे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. सुमारे आठ ते चौदा मायक्रॉन लांबीच्या लहरी कोरड्या हवेतून बऱ्याच निर्वेध पार जातात, आणि पृथ्वीची धग नेमकी दहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जोरकस असते. उपग्रहाचा औष्णिक डोळा याच खिडकीतून खाली पाहतो. खिडकीच्या काचेवरही वाफेचे थोडे धुके असतेच. म्हणून खिडकीचे दोन भाग करून दोन्हींतून मोजतात आणि त्यांतल्या फरकावरून मधल्या वाफेचा अंदाज घेऊन आकडा दुरुस्त करतात.

दुसरी फसगत पदार्थाची. सारख्या तापमानाचे सर्व पदार्थ सारखी धग टाकीत नाहीत. पाणी आणि हिरवी पाने जवळजवळ पूर्ण धग टाकतात, कोरडी माती थोडी कमी, आणि चकचकीत धातू फारच कमी. गोंदिया हे राईस मिलींचे गाव. एखाद्या मिलीवर नवा पत्रा घातला असेल, तर भर दुपारी त्यावर पाय ठेववणार नाही. पण आकाशातून तो आहे त्याहून पुष्कळ थंड दिसेल. पदार्थाच्या या गुणाला उत्सर्जकता म्हणतात, आणि ती लक्षात घेतल्यावाचून तापमान काढले तर तापलेला पत्रा आणि ओले धान एकाच रांगेत बसतील.

इतके सोपस्कार केल्यावर जमिनीचे तापमान हाती येते. आता तापमानावरून वाफेकडे जायचे, आणि सर्वांत कठीण पायरी हीच. निव्वळ मिळकत काढणे त्या मानाने सोपे. जमीन किती ऊन परत फेकते हे उपग्रहाच्या साध्या प्रकाशातल्या चित्रांवरून कळते. मातीत किती उष्णता उतरते याचा अंदाज पिकाच्या दाटीवरून बांधता येतो. अडते ते हवेच्या खात्यापाशी. हवेला किती उष्णता गेली हे जमिनीचे तापमान आणि तिच्यावरच्या हवेचे तापमान यांतल्या फरकावर, वाऱ्यावर आणि पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर अवलंबून असते. हा फरक कधीकधी दोनतीन अंशांचाच असतो, आणि उपग्रहाने दिलेल्या तापमानात तेवढी चूक असणे अगदी शक्य असते. शिवाय प्रत्येक शेतावरच्या हवेचे तापमान कोणी मोजलेले नसते. मापातली चूकच मापण्याच्या वस्तूएवढी झाली, तर वजन कसले करणार?

यावर १९९० नंतरच्या दशकात नेदरलंड्सचे विम बास्तियान्सेन यांनी एक सुबक तोड काढली. शाळेत आपण तापमापकाला खुणा कशा करतात ते शिकलो आहोत. आधी तो बर्फात ठेवून एक खूण करतात, मग उकळत्या पाण्याच्या वाफेत ठेवून दुसरी, आणि मधल्या अंतराचे सारखे भाग पाडतात. बास्तियान्सेन यांनी उपग्रहाच्या चित्रालाच अशा दोन खुणा केल्या. चित्रातली सर्वांत कोरडी, तापलेली, उघडी जमीन घ्यायची. तिच्यात पाणीच नाही, म्हणून तिचा वाफेचा खर्च शून्य, आणि मातीत उतरलेली उष्णता वजा जाता सारी मिळकत हवेच्या खात्यात. मग चित्रातले सर्वांत ओले, गर्द, थंड पीक घ्यायचे. तिथे हवेचा खर्च जवळजवळ शून्य आणि सारा खर्च वाफेचा. या दोन टोकांचा हिशेब आधीच माहीत असल्याने मधल्या प्रत्येक ठिकाणचा हिशेब तापमानाच्या प्रमाणात लावता येतो. तापमानात सगळीकडे दोन अंशांची चूक असली तरी ती दोन्ही खुणांत सारखीच येते आणि बरीचशी आपोआप कटते. आपल्या जिल्ह्याच्या एप्रिलच्या चित्रात पहिली खूण एखाद्या कापून पडलेल्या, भेगाळ बांध्यांच्या सलग पट्ट्यावर करता येईल, आणि दुसरी इटियाडोह धरणाच्या लाभक्षेत्रातल्या दाट उन्हाळी धानावर.

दुसऱ्या खुणेसाठी थेट तलावच का घेऊ नये, असे आपण विचाराल. दिवसा तलाव थंड दिसतो खरा, परंतु त्याचे कारण केवळ वाफ नव्हे. ऊन पाण्यात खोल शिरते आणि ती उष्णता तलावाच्या पोटात साठते. रात्री तो हळूहळू ती सोडतो. म्हणूनच पहाटे तलावाचे पाणी कोमट लागते. जमिनीचा नियम तलावाला तसाच्या तसा लावला, तर वाफेचा आकडा चुकतो. तलावाचा हिशेब वेगळ्या वहीत, दिवसरात्र मिळून करावा लागतो.

जंगलही असाच धडा देते. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या रानात मार्चमध्ये साग निष्पर्ण होतो. पाने नाहीत म्हणजे वाफ नाही, आणि वाफ नाही म्हणजे रान उघड्या शेताइतके तापायला हवे. प्रत्यक्षात ते तितके तापत नाही. उंच, उभ्या खोडाफांद्यांमुळे वारा घुसळला जातो आणि उष्णता चटकन उचलली जाते. खडबडीतपणाचा उल्लेख मी मघा केला तो यासाठी. आणि त्याच रानात, पाऊस पडायला अवकाश असताना, मोहाला आणि कुसुमाला नवी पालवी फुटते. ती पालवी दाट झाली की तेवढे रान थंड दिसू लागते. पाण्याचा थेंब पडला नसताना ही वाफ कोठून आली? खोल गेलेल्या मुळांनी ती भूगर्भातून आणली. जमिनीखालच्या ओलाव्याची बातमी आकाशातून अशी मिळते. याउलट तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राची धग ही उन्हाच्या मिळकतीतली नव्हे, कोळशाची आहे. ती या वहीत धरायची नसते. चित्र वाचणाऱ्याला मुलूख ठाऊक असावा लागतो, तो असा.

आता एका एकराचा हिशेब करून पाहू. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतलेले, पण वास्तवाला धरून आहेत. एप्रिलच्या निरभ्र सकाळी साडेदहाच्या सुमारास उन्हाळी धानाच्या दर चौरस मीटरची निव्वळ मिळकत ५०० वॅट आहे असे समजा. मातीत ६० गेले, हवेत ६०. बाकी उरले ३८०, ते वाफेचे. या दराने दर चौरस मीटरातून तासाला अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी उडते. उपग्रह तर क्षणभरच दिसतो, मग दिवसाचे काय? अनुभव असा की मिळकत सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमीजास्त झाली तरी तिच्यातला वाफेचा वाटा दिवसभर फारसा बदलत नाही. आपल्या उदाहरणात मातीचे ६० वजा जाता ४४० पैकी ३८०, म्हणजे शेकडा ८६. साऱ्या दिवसाची मिळकत दीड कोटी जूल धरली, तर वाफेच्या वाट्याला सुमारे एक कोटी तीस लाख येतात, आणि साडेचोवीस लाखांनी भागल्यावर उत्तर निघते ५.३ लिटर, म्हणजेच शेतावर ५.३ मिलिमीटर उंचीचे पाणी. एका एकराला दिवसाकाठी सुमारे २१,४०० लिटर. शंभर एकरांना याच दराने महिनाभर जे पाणी लागेल, ते सोळा एकर पसरलेल्या तलावाचे एक मीटर उंचीचे पाणी होय. यात मुरलेले पाणी धरलेले नाही, आणि तलावाच्या अंगावरून उडालेलेही नाही. दिवाळीनंतरच्या त्या चर्चेत हा आकडा समोर ठेवला, तर शंभर एकर म्हणणाऱ्याला आणि पन्नास म्हणणाऱ्याला बोलायला एक समान भूमी मिळते.

ही विद्या कोणत्या साधनांवर चालते तेही सांगतो. अमेरिकेचे लॅंडसॅट-८ आणि लॅंडसॅट-९ हे उपग्रह अनुक्रमे २०१३ आणि २०२१ साली गेले. प्रत्येक जण सोळा दिवसांनी एकाच जागेवर परत येतो, म्हणजे दोघे मिळून आठ दिवसांनी एक चित्र. त्यांची औष्णिक चौकट शंभर मीटरची, म्हणजे सुमारे अडीच एकरांची. लॅंडसॅट मालिकेची चित्रे २००८ पासून सर्वांना विनामूल्य खुली आहेत. आपले इन्सॅट-३डी हे २०१३ साली आणि त्याचे भावंड इन्सॅट-३डीएस २०२४ साली गेले. ही मालिका छत्तीस हजार किलोमीटरवरून दर अर्ध्या तासाला देशाचे चित्र घेण्यासाठी योजलेली आहे, परंतु तिची औष्णिक चौकट चार किलोमीटरची. नवेगावबांधचा तलाव एका चौकटीत जवळजवळ मावून जातो. एकाची नजर बारीक पण फेरी विरळ, दुसऱ्याची फेरी दाट पण नजर जाड. दोहोंचा मेळ घालावा या हेतूने इस्रो आणि फ्रान्सची अवकाश संस्था यांनी एक संयुक्त उपग्रह योजला आहे. त्याचे नाव 'तृष्णा'. नाव ठेवणाऱ्याला पिकाची तहानच अभिप्रेत असणार.

लॅंडसॅट-८ ची एक हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. त्याच्या मूळ आराखड्यात धग मोजणारे यंत्र आवश्यक म्हणून धरलेलेच नव्हते. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्ये कोरडी. तेथे पाण्याच्या हक्कांवरून गावे आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या झगडत आले आहेत. आयडाहो राज्यात बास्तियान्सेन यांच्या रीतीत सुधारणा करून रिचर्ड अॅलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांचा पाण्याचा खर्च मोजण्याची पद्धत बसवली होती, आणि तेथील पाणी खाते ती प्रत्यक्ष कारभारात वापरीत होते. औष्णिक डोळा जाणार हे कळताच या राज्यांच्या पाणी अधिकाऱ्यांनी आग्रह धरला, आणि यंत्र मागाहून बसवण्यात आले. घाईमुळे ते तीनच वर्षांच्या आयुष्यासाठी बांधले होते. प्रत्यक्षात त्याने त्याहून पुष्कळ अधिक सेवा केली. पाणी वाटून घेणाऱ्या माणसांना या आकड्याची किती निकड असते, ते यावरून दिसते.

गुण सांगितले तसे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष ढगांचा. औष्णिक डोळ्याला ढगापलीकडे काही दिसत नाही, त्याला ढगाचेच तापमान मिळते. आणि आपले मुख्य पीक खरिपाचे. रोवणीपासून लोंबी येईपर्यंत आभाळ झाकलेले असते. रडार लहरी ढगातून पार जातात आणि बांधीत पाणी आहे की नाही हे सांगतात, परंतु त्यांना धग मोजता येत नाही. त्यातल्या त्यात समाधान असे की हस्त-चित्रा नक्षत्रांत आभाळ उघडू लागते, आणि दाणा भरण्याच्या वेळचे शेवटचे पाणी द्यायचे की नाही हा प्रश्न नेमका तेव्हाच उभा राहतो. दुसरा दोष चौकटीचा. अडीच एकरांत आपल्या कितीतरी बांध्या येतात, मधे धुरे येतात, एखादी बोडी येते; त्या सर्वांची सरासरी मिळते, एकट्या बांधीचा आकडा मिळत नाही. तिसरा दोष हिशेबाच्या रीतीतच आहे. वाफेचे खाते आपण प्रत्यक्ष मोजत नाही; इतर खाती वजा करून बाकी काढतो, म्हणून इतर खात्यांतल्या साऱ्या चुका या बाकीत येऊन साठतात. एका दिवसाच्या आकड्यात शेकडा पंधरावीसची तफावत असू शकते. अनेक दिवसांची बेरीज घेतली म्हणजे काही चुका एकमेकींना काटतात आणि हंगामाचा आकडा अधिक भरवशाचा होतो.

यासाठी जमिनीवरची मापे सोडता येत नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेसारख्या संस्था मनोऱ्यांवर सूक्ष्म यंत्रे बसवून वर जाणारी वाफ आणि उष्णता प्रत्यक्ष मोजतात, आणि अशा ठिकाणच्या आकड्यांशी उपग्रहाचा हिशेब ताडून पाहता येतो. नागपुरास १९८८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. म्हणजे चित्रे वाचणारी माणसे आपल्यापासून दूर नाहीत. परंतु सर्वांत साधे आणि सर्वांत मोलाचे माप गावाच्या हातचे आहे. तलावाच्या पाळीजवळ आकडे रंगवलेला एक खांब, आणि दर आठवड्याला त्यावरची पातळी एका वहीत तारीखवार टिपून ठेवणारा एक माणूस. किती पाणी बाहेर सोडले, केव्हा सोडले, किती एकर लावले, हेही त्याच वहीत. ही वही असेल तर उपग्रहाचा आकडा गावाला तपासता येतो. नसेल तर तो आकडा कोणीतरी वरून सांगितलेला म्हणून येईल, आणि वरून सांगितलेल्या आकड्यावर गाव किती विश्वास ठेवते हे आपण जाणता.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करतो. उपग्रह पाणी किती गेले ते सांगेल. कोणी घ्यावे हे तो सांगणार नाही. वरच्या गावाने खालच्यासाठी किती सोडावे, मासळीसाठी किती राखावे, उन्हाळी धान लावावे की त्याऐवजी हरभरा-जवसावर भागवावे, हे प्रश्न माणसांनी एकत्र बसूनच सोडवायचे आहेत. ज्यांनी हे तलाव बांधले त्यांच्याजवळ कसलेही यंत्र नव्हते. पण पाणी कोठून येते, कोठे जाते आणि कोणाच्या वाट्याला किती, याची वाटणी त्यांनी ठरवली होती आणि ती पाळली जात होती. आपल्याजवळ आज त्यांच्याहून अधिक नजर आहे. तिचा उपयोग भांडणात पुरावा म्हणून करायचा, की भांडणाआधी वाटणी ठरवण्यासाठी करायचा, हे आपल्या हाती आहे. मला दुसरा उपयोग अधिक शोभणारा वाटतो.

परत जाताना ती भिंत पुन्हा लागेल. एव्हाना ती बरीच निवली असेल. तिने दिवसभरात घेतलेले ऊन आपण इथे बसलो असताना हिशेबाने परत दिलेले असेल. आपल्या गावच्या तलावानेही आज काही पाणी दिले. ते कोणत्या खात्यात गेले, एवढे विचारण्याची सवय आपल्याला लागली, तरी आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असे मी समजेन.